अंगणाच्या पोटात

कुणाच्या घरी पहिल्यांदा गेलं, की घरचे लोक मोठ्या हौसेनं घर दाखवतात. ही बैठकीची खोली, हे देवघर, इथून जिना माडीवर जातो; ह्या खिडकीतून पूर्वी नदी दिसत असे, आता समोरच्यांचं वाळत घातलेलं धुणं दिसतं. आपणही ‘वा, छान!’ म्हणत मागोमाग हिंडतो. परंतु आजवर एकाही यजमानानं मला अंगणात उभं करून, ‘आणि हे पाहा, तुमच्या पायाखाली हातभर खोल आमच्या मोटरची तार आहे बरं का,’ असं सांगितलेलं नाही. घर जसं जमिनीवर असतं, तसं थोडंफार जमिनीखालीही असतं. मात्र त्या खालच्या घराला उंबरा नसतो, खिडकी नसते, दारावर पाटी नसते. म्हणून ते कुणी दाखवत नाही आणि कुणी पाहतही नाही. त्याची आठवण होते ती एकदम कुदळ पडल्यावर. आणि तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

लहानपणी, जमिनीत पुरलेलं म्हणजे मोहरांनी भरलेला हंडाच, अशी आम्हां मुलांची खात्री होती. त्या हंड्यावर एक काळा नाग वेटोळं घालून बसलेला असायचा. मोठेपणी कळतं, की मोहरा खोट्या, पण नाग खरा! काळ्या वेष्टणाचा, बोटाएवढा जाड, वर्षानुवर्षं निपचित पडलेला. आणि त्याच्या अंगातून दोनशे तीस व्होल्टचा प्रवाह वाहत असतो. डिवचेपर्यंत तो काही करत नाही, हेही अगदी गोष्टीतल्या नागासारखंच.

माझं माहेर साताऱ्याचं आणि सासर सांगलीचं. दोन्ही गावं कृष्णाकाठचीच. साताऱ्याजवळ माहुलीला वेण्णेला भेटून कृष्णा पुढं निघते, आणि सांगलीला येईपर्यंत चांगली रुंद, पोक्त आणि प्रसंगी रागीट होते. ‘मुलींचंही असंच होतं,’ असं आमच्या सासूबाई म्हणत. कुणाकडं पाहून म्हणत, ते सांगायला नको.

नदी जवळ असली तरी साताऱ्याचं पाणी नदीचं नव्हतं. गाव अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी उतारावर बसलेलं; नदी खाली आणि गाव वर. म्हणून गावानं पाण्यासाठी डोंगराकडं पाहिलं. छत्रपती प्रतापसिंह महाराजांच्या कारकिर्दीत, म्हणजे १८०८ ते १८३९ च्या दरम्यान, यवतेश्वराच्या पायथ्याशी महादऱ्याचा तलाव झाला आणि तिथलं पाणी खापरी नळांतून गावात खेळवलं गेलं. पुढं इंग्रजी अमदानीत कासचा तलाव झाला, आणि पंचवीसएक किलोमीटरांवरून, डोंगराच्या अंगाखांद्यावरून, उघड्या पाटानं पाणी येऊ लागलं. पंप नाही की वीज नाही. पाणी आपलं उतार शोधत शोधत गावात उतरायचं.

खापरी नळ म्हणजे मातीची भाजलेली नळकांडी. एकाचं तोंड दुसऱ्यात बसवायचं आणि सांधा चुन्यानं बुजवायचा. पहारीच्या एका टोल्यानं ठिकऱ्या व्हाव्यात अशी ही वस्तू जमिनीखाली पिढ्यान्‌पिढ्या टिकली, याचं श्रेय ती घडवणाऱ्या हातांना आहे, तसंच ते तिच्यावर राहणाऱ्या माणसांनाही आहे. आमच्या वाड्याच्या परसात एक पट्टा होता. तिथं कुणी झाड लावत नसे, खुंटा ठोकत नसे. का, म्हणून विचारलं तर आत्या सांगायची, ‘तिथं पाणी निजलंय. कुदळ लावायची नाही.’ माझ्या लहानपणी तो नळ कोरडा पडून कितीतरी वर्षं झाली होती. पाणी आटलं होतं, पण मनाई तेवढी जिवंत होती. आत्याला ती तिच्या सासूकडून मिळाली होती. पुरलेल्या वस्तूचा पत्ता असा तोंडातोंडी पुढं जात असे, लोणच्याच्या प्रमाणासारखा.

पुण्याला तर पेशव्यांनी याहून पक्की सोय केली होती. नानासाहेबांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत दगडी बांधणीचा नळ आणला. त्याला वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवले होते. आत कोंडलेली हवा बाहेर पडावी आणि माणसाला उतरून गाळ काढता यावा, हा त्यांचा मूळ उपयोग. पण वर आलेला तो उच्छ्वास पाहिला, की खालून नळ कुठं चालला आहे हे परक्या माणसालाही कळे. जमिनीखालचं काम आपला ठावठिकाणा आपणच सांगत असे.

सांगलीला आले तेव्हा जमिनीची निराळीच तऱ्हा पाहिली. साताऱ्याची जमीन मुरमाची, कुदळ मारली की खण्‌ करणारी. सांगलीची काळी माती म्हणजे श्वास घेणारी वस्तू; पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आखडते, आणि वैशाखात तिला अशा भेगा पडतात की हात जावा. अशा मातीत पुरलेला नळ जिथं ठेवला तिथंच तसाच राहील, याची खात्री नाही. सांधे ओढले जातात, निसटतात, आणि मग ‘कुठंतरी पाणी मुरतंय’ हा वाक्प्रचार अक्षरशः खरा होतो.

पण मला आश्चर्य वाटलं ते हरिपूरची पेवं पाहून. कृष्णा-वारणेच्या संगमावरचं हे गाव. तिथल्या मातीत पंचवीस-तीस फूट खोल, तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद असे खड्डे खणायचे, त्यांत हळद भरायची आणि तोंड बंद करून वर माती लोटायची. झालं! वर सपाट जमीन. खाली गाड्याच्या गाड्या हळद. कीड नाही, बुरशी नाही, भाव येईपर्यंत वर्षा-दोन वर्षांची निश्चिंती. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं; तिच्या नावलौकिकात ह्या पेवांचा वाटा मोठा. २००५ च्या महापुरानं त्यांतली बरीच निकामी केली, आणि पुढं गोदामं, शीतगृहं वाढली. आता पेवं थोडी उरली आहेत. भाषेत मात्र पेव शाबूत आहे. अमक्याचं पेव फुटलं, तमक्याचं पेव फुटलं, असं आपण म्हणतोच की.

पेव उघडायचं असलं की एकदम कुणी आत उतरत नसे. तोंड उघडून ते काही तास तसंच ठेवायचं. मग कंदील दोरीला बांधून आत सोडायचा. कंदील विझला तर माणूसही विझेल, हा साधा हिशेब. कंदील जळत राहिला तरच माणूस उतरणार. खाली काय आहे हे आधी विचारायचं आणि उत्तर आलं तरच पाऊल टाकायचं, ही रीत सांगलीनं फार पूर्वीपासून पाळलेली आहे.

हे सगळं मला सांगितलं आमच्या मामंजींनी. मामंजी हळदीच्या एका अडतीवर दिवाणजी होते. कुणाचं पेव कोणतं, त्यात किती माल, कोणत्या झाडापासून किती पावलांवर त्याचं तोंड, हे सगळं त्यांच्या वहीत असे, आणि वहीत नसलं तरी डोक्यात असेच. ‘पुरणं सोपं असतं, सूनबाई,’ ते म्हणत. ‘पुरलंय कुठं हे लक्षात ठेवणं, हा खरा धंदा.’

आज आपण जमिनीत जे पुरतो त्याची यादी केली तर छाती दडपते. पिण्याचं पाणी, सांडपाणी, विजेची तार, मोटरची तार, टेलिफोनची जुनी तार, इंटरनेटची काचेच्या तंतूंची नवी तार. आता घरगुती गॅसही नळानं येऊ लागला. त्यासाठी तर २०१८ साली सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे मिळून एकच क्षेत्र आखलं गेलं. माझं माहेर नि सासर असं सरकारदरबारी जोडलं गेलं, ह्याची मला उगीचच गंमत वाटली. पण हे सारं पुरणारे निराळे, वापरणारे निराळे आणि खणणारे निराळे. एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही. खणण्याचं मात्र पेव फुटलेलं! रस्ते खणताना तारा तुटून देशाचं दर वर्षी सुमारे तीन हजार कोटी रुपयांचं नुकसान होतं, असं सरकारनंच सांगितलं आहे. म्हणून २२ मार्च २०२३ ला ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाची सोय सुरू झाली. खणणाऱ्यानं कुठं खणायचंय ते मोबाइलवर कळवायचं, की तिथं ज्यांच्या तारा-नळ असतील त्यांना निरोप जातो. अमेरिकेत तर २००७ पासून देशभर ८११ हा एकच क्रमांक आहे. तो फिरवला की माणसं येऊन जमिनीवर रंगाच्या रेघा मारून जातात. वीज तांबडी, गॅस पिवळा, पाणी निळं, सांडपाणी हिरवं आणि टेलिफोन नारिंगी. फुकट!

उत्तम आहे हे. परंतु ह्या सगळ्या सोयींची एक हद्द असते, आणि ती आपल्या मीटरपाशी संपते. अमेरिकेतली ती रंगवाली माणसंसुद्धा मीटरच्या अलीकडं, म्हणजे आपल्या बाजूला, सहसा रेघ मारत नाहीत. तिथून पुढं जे पुरलेलं असतं ते घरधन्याचं. त्याची नोंद कोणत्याही कचेरीत नसते. ती असलीच तर घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यात असते.

आमच्या घरी ती मामंजींच्या डोक्यात होती, आणि त्या डोक्यात आता बाकी फारसं काही राहत नव्हतं.

मामंजी शहाऐंशीचे. जेवून हात धुतला, की ‘माझं जेवण व्हायचंय ना?’ म्हणून विचारतात. नातीला तिच्या आत्याच्या नावानं हाक मारतात. गेल्या माघात त्यांना न्हाणीघराची उंच पायरी चढवेनाशी झाली, तेव्हा त्यांच्या खोलीला लागून, सपाट जमिनीवर, त्यांच्यापुरतं नवं न्हाणीघर बांधायचं ठरलं. खोली बांधणं काही अवघड नव्हतं. पण तिचं सांडपाणी गल्लीतल्या गटाराला नेऊन जोडायचं, तर सबंध अंगण आडवं खणावं लागणार होतं. चाळीस फूट लांब आणि अडीच-तीन फूट खोल चर.

मुकादम आले. अंगणाकडं एक नजर टाकून म्हणाले, ‘दोन दिसांचं काम हाय, वैनी. उद्या गडी लावतो.’

‘खाली काय काय आहे ते आधी बघायला हवं,’ मी म्हटलं.

‘खणलं की कळतंयच की!’

खणलं की कळतं हे खरं. पण ते कळून घ्यायला खणणारा शिल्लक राहिला पाहिजे. काही वर्षांपूर्वी आमच्याच गल्लीत रस्ता खणणाऱ्या एका मुलाच्या पहारीला तार लागली होती. भर दुपारी फटाका फुटावा तसा आवाज झाला. मुलगा वाचला, पण त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं, आणि त्यानं कुणाला विचारायचं हेही त्याला ठाऊक नव्हतं. मुकादमांबरोबर आलेला गडी पाहिला तर तसाच विशी-बाविशीतला, जत तालुक्यातला. पाणी देताना चौकशी केली, तेव्हा गावाकडं आठ महिन्यांची मुलगी आहे म्हणाला. पहार त्याच्या हातात राहणार होती आणि अंगण आमचं होतं. मी मुकादमांना म्हटलं, ‘चार दिवस थांबा.’

शेजारच्या काकूंनी सुचवलं, ‘पाणाड्याला बोलवा. हातातली डहाळी वळते, लगेच सांगतो.’ हसू नका. २०१७ साली इंग्लंडात कुणीतरी पाणी पुरवणाऱ्या बारा कंपन्यांना विचारलं, तेव्हा त्यांतल्या दहांनी कबूल केलं, की आमची काही माणसं अजूनही अशा काड्या घेऊन नळ शोधतात. मात्र जिथं जिथं ह्या काड्यांची नीट परीक्षा झाली, तिथं त्यांचं सांगणं अंदाजानं बोलणाऱ्याच्या पुढं गेलेलं नाही. काकूंना एवढं काही मी सांगितलं नाही. ‘आधी मामंजींना विचारू,’ म्हटलं.

मामंजींना अंगणात खुर्ची टाकून बसवलं. ‘अप्पा, मीटरची तार कुठून आली आहे?’ ह्यांनी विचारलं.

मामंजींची मान ताठ झाली. ‘अठ्ठ्याहत्तर साली टाकली. मी उभा होतो. खांबापासून आडाकडं, आडापासून सात पावलं सरळ, मग पेरूकडं वळते. मोटरची तार गोठ्याच्या भिंतीला धरून.’

सकाळच्या चहाची आठवण नसलेला माणूस, शेचाळीस वर्षांपूर्वीची तार डोळ्यांपुढं असल्यासारखी सांगत होता. फक्त अडचण एवढीच, की आमच्या अंगणात पेरू नाही. तो माझ्या लग्नानंतर दोन-चार वर्षांतच वठला. गोठाही नाही, आड आहे, पण त्यावर झाकण आहे. शिवाय २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरानं अंगणात वीतभर गाळ आणून टाकला, त्याखाली जुन्या चेंबरची झाकणंसुद्धा गडप झाली. मामंजींचं अंगण आणि आमचं अंगण एकाच जागी होतं, पण ती दोन अंगणं होती.

‘मी दाखवतो,’ म्हणून मामंजी काठी घेऊन उठले. आडाला पाठ लावून उभे राहिले आणि मोजत चालू लागले. एक, दोन, तीन... सात. थांबले. तुळशीवृंदावनाच्या पुष्कळ अलीकडं. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. चेहरा कसानुसा झाला. ‘इथं नव्हती,’ ते पुटपुटले. ‘इथं नव्हती रे.’ जन्मभर ज्यानं दुसऱ्यांच्या पेवांचा हिशेब ठेवला, त्याला आपल्याच अंगणाचा हिशेब लागेना.

मला कारण समजेना. ह्यांना समजलं. आकडा बरोबर होता. पाऊल आखडलं होतं. अठ्ठ्याहत्तर सालचे मामंजी अडीच फुटांची ढांग टाकत असतील. आता फूटभर पाऊल पडतं ते काठीच्या आधारानं. हे आडापाशी गेले. ‘अप्पा, मी मोजू?’

मामंजींनी मुलाकडं पाहिलं. ‘मोज. पण ताठ चाल.’

हे ताठ चालले. सातव्या पावलाला मामंजी म्हणाले, ‘हां. बस. आता पेरूकडं वळ.’

‘पेरू कुठं होता?’

मामंजींनी काठी उचलून कुंपणाच्या एका कोपऱ्याकडं रोखली. आम्ही चुन्याची रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी ह्यांच्या मित्राचा मुलगा आला. तो केबलच्या कामावर असतो. त्याच्याकडं तार शोधण्याचं यंत्र आहे. यंत्राचे दोन भाग. एकानं नळाला किंवा तारेला खुणेचा सूर द्यायचा, दुसरा भाग हातात धरून जमिनीवरून फिरायचं. खाली तार आली की तो सूर ऐकू येतो. वीज वाहत असेल तर वेगळा सूर द्यावाच लागत नाही. आपली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते, तीच गुणगुण यंत्राला पुरते. पण वाहत असेल तर! म्हणून आल्या आल्या त्यानं सांगितलं, ‘काकू, मोटर चालू करा, घरातले दिवे-पंखे लावा. तार गप्प असली तर मलाही कळणार नाही.’ आड गुरगुरू लागला आणि तो यंत्र घेऊन फिरू लागला. चुन्याच्या रेघेपासून वीतभर अंतरावर यंत्र गायला लागलं, आणि मग रेघेला धरून पार वळणापर्यंत गातच गेलं. मामंजी खुर्चीवर बसून पाहत होते. ‘काय ऐकू येतंय त्याला?’ त्यांनी मला विचारलं. ‘तुमची तार,’ मी म्हटलं.

त्या मुलानं आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला पटली. ‘हे यंत्र धातू ओळखतं. प्लॅस्टिकची नळी ह्याला दिसत नाही. जमिनीत रडारच्या लहरी सोडून बघणारंही यंत्र असतं, पण आपल्या काळ्या ओल्या मातीत त्या लहरी मुरूनच जातात. तेव्हा माझं यंत्र ‘काही नाही’ म्हणालं, तर ‘काही नाही’ असं समजू नका.’ एवढं सांगून, चहा पिऊन तो गेला. आपल्याला काय कळत नाही हे सांगणारा कारागीर भेटणं दुर्मिळ झालंय.

आणि प्लॅस्टिकची नळी होतीच! ती सापडली मुकादमांना. ‘खणलं की कळतंय’ म्हणणारे मुकादम एव्हाना आमच्या छंदाला लागले होते. सगळ्या भिंतींच्या कडेनं वाकून बघत फिरत होते. एकाएकी म्हणाले, ‘वैनी, हितं भितीत नळी शिरल्याली दिसतीया. ही कुनाची?’ ती आमची नव्हती, मामंजींच्या आठवणीतली नव्हती, यंत्राला तर ती नव्हतीच. पुष्कळ विचार केल्यावर ह्यांना आठवलं, की मागच्या खोलीत पूर्वी एक भाडेकरू होते. कपडे धुण्याच्या यंत्रासाठी त्यांनी परस्पर एक नळी टाकली असावी. भाडेकरू इचलकरंजीला गेले, नळी अंगणात राहिली. तिचं दुसरं टोक कुठं आहे ते हातानं खड्डा करून बघण्यावाचून इलाज नव्हता. पेवात कंदील सोडावा, तसा चरात पडणाऱ्या जागेवर एक वीतभर रुंदीचा खड्डा जत्र्याच्या त्या मुलानं खुरप्यानं हळूहळू केला. दीड फुटांवर पांढरी नळी लागली.

अखेर तारेची जागा आली. घरातलं मुख्य बटण बंद केलं की झालं, अशी पुष्कळांची समजूत असते. पण ते बटण मीटरच्या पुढचं. खांबापासून मीटरपर्यंतची तार त्यानं मरत नाही. ती चोवीस तास जिवंत असते. म्हणून महावितरणच्या कचेरीत अर्ज दिला होता. ठरल्या दिवशी वायरमन आले, खांबावरून जोड काढला, आणि ‘आता खणा’ म्हणाले. तरीही चुन्याच्या रेघेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट पहार चालवायची नाही, असं ठरलेलं होतं. मुलगा फावड्यानं अलगद माती ओढत होता. काळी माती, काळी माती, आणि एकदम हाताला वाळू लागली.

‘थांब,’ मामंजी खुर्चीवरून म्हणाले. ‘वाळू लागली ना? आता विटा येतील. मी घालून घेतल्यात.’

तार पुरताना तिच्याभोवती वाळू पसरायची आणि वर आडव्या विटा मांडायच्या, हा जुना नि चांगला रिवाज. खणणाऱ्याला काळ्या मातीत उपरी वाळू दिसली की त्यानं ओळखावं. वाळू चुकली तर वीट लागून पहार अडावी. तो दगडाविटांचा निरोप शेचाळीस वर्षं ज्या माणसासाठी ठेवलेला होता, तो आज आला होता. मुलानं फावडं बाजूला ठेवलं, उकिडवा बसला, हातानं एक वीट उचलली. खाली काळी तार. त्यानं एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा मामंजींकडं पाहिलं, आणि दोन्ही हात जोडले. तो नमस्कार दोघांपैकी कुणाला होता, हे मी विचारलं नाही.

चर झाला, नळ तारेच्या खालून गेला, जोड परत लागला, चैत्रात न्हाणीघर उभं राहिलं. चर बुजवण्यापूर्वी मुलीनं आत फीत धरून छायाचित्रं काढली आणि चौकटीच्या कागदावर नकाशा केला. मापं घेताना आम्ही एक शहाणपण केलं. झाडापासून, कुंडीपासून माप घेतलं नाही. प्रत्येक वळणाचं अंतर घराच्या दोन कोपऱ्यांपासून घेतलं, आणि खोली जमिनीपासून न मोजता उंबऱ्यापासून मोजली. झाडं वठतात, पूर गाळ आणून टाकतो. उंबरा सहसा हलत नाही. रंग मुलीनं अमेरिकेतले वापरले. तार तांबडी, पाणी निळं, सांडपाणी हिरवं. तारेवर वाळू परत घातली, विटा परत मांडल्या, आणि त्यांच्यावर हातभर उंचीला एक पिवळी पट्टी पसरली.

दिवाळीची साफसफाई करताना तुम्हांलाही घरातल्या थोरल्या माणसांबरोबर घटकाभर बसायला मिळेल. जुन्या गोष्टी निघतीलच. त्यांतच त्यांना एकदा अंगणात नेऊन विचारा, की इथं खाली काय आहे. त्यांच्या सांगण्यात वठलेली झाडं येतील, पाडलेल्या भिंती येतील, गेलेली गुरं येतील. ऐकून घ्या. तारेचा पत्ता त्यांच्याच मधे कुठंतरी असतो.

नकाशा पुरा झाला तेव्हा आम्ही तो मामंजींपुढं ठेवला. त्यांनी चष्मा लावला, कागद लांब धरला, दिवाणजीच्या सवयीनं वरून खाली बोट फिरवलं. ‘ही निळी कसली?’ म्हणून भाडेकरूच्या नळीची चौकशी केली. मग बोट कुंपणाच्या कोपऱ्याशी थांबलं.

‘पेरू राहिला,’ ते म्हणाले.

मुलीनं हिरवी पेन्सिल घेतली आणि तिथं एक झाड काढलं. मामंजींनी तिच्याकडून पेन मागून घेतलं, आणि खाली कोपऱ्यात, हात कापत असतानाही वळणदार अक्षरांत, लिहिलं, ‘पाहिले. बरोबर.’ खाली तारीख घालायला मात्र त्यांनी मला तारीख विचारली.